भाजपची २६ टक्के मतं: जूनमध्ये ९ जागा, नोव्हेंबरमध्ये १३२! मग पक्षाची ताकद मोजायची तरी कशी?

जून २०२४ मध्ये महाराष्ट्रात भाजपची ‘उतरती कळा’ सुरू झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाविकास आघाडी ‘संपली’ होती. दोन्ही वेळा चॅनेलवरचे पॅनेल आणि घरचे व्हॉट्सअॅप ग्रुप तितक्याच ठामपणे बोलत होते. या दोन निकालांमध्ये अंतर होतं जेमतेम साडेपाच महिन्यांचं.

या साडेपाच महिन्यांत भाजपच्या मतांचा टक्का किती बदलला? लोकसभेला २६.१८ टक्के, विधानसभेला २६.७७ टक्के. म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. जागा मात्र लोकसभेला ४८ पैकी ९ आणि विधानसभेला २८८ पैकी १३२.

दुसरं उदाहरण याहून विचित्र आहे. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला लोकसभेला १०.२७ टक्के मतं मिळाली आणि ८ खासदार निवडून आले. विधानसभेला मतांचा टक्का वाढून ११.२८ झाला, आणि आमदार आले फक्त १०. त्याच निवडणुकीत अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के मतं मिळाली आणि आमदार आले ४१. मतं कमी, जागा चौपट.

मग कोणता पक्ष ताकदवान? टक्का बघायचा की जागा? की दर निकालानंतर ज्याची चर्चा होते तो ‘स्ट्राइक रेट’?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या राज्यात पक्षाची ताकद म्हणून जे आकडे फेकले जातात, त्यातले बहुतेक त्या पक्षाचे एकट्याचे नसतातच. त्यात मित्रपक्षाची मतं असतात, विरोधकांची फूट असते आणि जागावाटपाचा हिशेब असतो. या तिन्ही गोष्टी बाजूला काढल्याशिवाय ‘कोण मोठा’ हा वाद घालण्यात अर्थ नाही. आणि हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. या चुकीच्या मोजमापावरच पुढची तिकिटं ठरतात, विधानसभेतली पदं ठरतात आणि आपल्यासमोर मतदानाच्या दिवशी कोणतं चिन्ह असेल तेही ठरतं.

आधी आकडे समोर ठेवू

लोकसभा २०२४: काँग्रेस १३, ठाकरेंची शिवसेना ९, शरद पवारांची राष्ट्रवादी ८. महाविकास आघाडी एकूण ३०. समोर भाजप ९, शिंदेंची शिवसेना ७, अजित पवारांची राष्ट्रवादी १. महायुती एकूण १७. उरलेली एक जागा सांगलीच्या अपक्षाची.

विधानसभा २०२४: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. तिघांचे मिळून २३०. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. तिघांचे मिळून ४६.

आता मतं बघा. लोकसभेला दोन्ही बाजू ४३ टक्क्यांच्या आसपास होत्या. फरक होता एक टक्क्याच्या घरात. तरी जागा ३० विरुद्ध १७. विधानसभेला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून ४८ टक्के, तर आघाडीच्या तिघांना सुमारे ३४ टक्के. फरक १४ टक्क्यांहून जास्त. जागा २३० विरुद्ध ४६.

म्हणजे एक टक्क्याच्या फरकाने निकाल एका बाजूला झुकला आणि १४ टक्क्यांच्या फरकाने समोरची बाजू जवळपास पुसली गेली. ‘ज्याला एक मत जास्त तो निवडून आला’ या आपल्या पद्धतीचा हा स्वभाव आहे. मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. विधानसभेला साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले २०८ मतांनी आले, तर मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचा विजय १६२ मतांचा. खात्यात मात्र ही पूर्ण एक जागा म्हणूनच जमा होते. लाखाच्या फरकाने जिंकलेली जागाही एकच.

(मतदार याद्यांवरचे आक्षेप हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथले आकडे निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या निकालाचे आहेत.)

टक्का तोच, पण अर्थ तोच नाही

भाजपचा टक्का मागे जाऊन बघितला तर थक्क व्हायला होतं.

- लोकसभा २०१४: २७.५६ टक्के, २३ जागा
- विधानसभा २०१४: २७.८१ टक्के, १२२ जागा
- लोकसभा २०१९: २७.८४ टक्के, २३ जागा
- विधानसभा २०१९: २५.७५ टक्के, १०५ जागा
- लोकसभा २०२४: २६.१८ टक्के, ९ जागा
- विधानसभा २०२४: २६.७७ टक्के, १३२ जागा

दहा वर्षं, सहा निवडणुका, आणि टक्का २५.७५ ते २७.८४ यांच्यामध्येच. यावरून दोन टोकाचे निष्कर्ष काढले जातात. एक: ‘भाजपची मतं हललीच नाहीत, जागा केवळ नशिबाने.’ दोन: ‘भाजपचा मतदार दगडासारखा पक्का आहे.’

दोन्ही घाईचे आहेत. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये पहिली शिस्त शिकवतात ती अशी: रीडिंग लिहिण्याआधी मीटर कशाला जोडलाय ते बघ. इथे मीटर प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी जोडलेला आहे.

मतांचा टक्का काढताना भागाकार संपूर्ण राज्याच्या मतांनी होतो. पण पक्ष संपूर्ण राज्यात लढतच नाही. जिथे उमेदवारच नाही, तिथे मतं शून्य. २०१४ च्या विधानसभेला भाजपने २६० जागा लढवल्या, २०२४ ला १४९. शंभरावर जागा कमी लढवूनही टक्का जवळपास तोच राहिला, म्हणजे जिथे लढले तिथे मतं बरीच जास्त पडली. उलट लोकसभेला २०१९ मध्ये भाजपने २५ जागा लढवल्या होत्या आणि २०२४ मध्ये २८. तीन जागा जास्त लढवूनही टक्का घसरला, म्हणजे प्रत्यक्षातली घसरण दिसते त्याहून मोठी होती.

मतदानही सारखं नव्हतं. महाराष्ट्रात लोकसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झालं, विधानसभेला ६६ टक्के. टक्का जवळपास तोच असला, तरी भाजपला पडलेली प्रत्यक्ष मतं दीड कोटीच्या आसपास होती, ती पावणेदोन कोटींच्या जवळ गेली. ‘मतं तेवढीच, जागा कशा वाढल्या?’ हा प्रश्न म्हणूनच मुळात चुकीचा आहे. मतं तेवढीच नव्हती.

सरासरी काढून बघू

एक सोपं गणित करता येतं. राज्यातला मतांचा टक्का घ्या, लढवलेल्या जागांनी भागा, एकूण जागांनी गुणा. पक्ष जिथे लढला तिथे त्याला सरासरी किती टक्के मतं पडली, याचा ढोबळ अंदाज मिळतो. सगळे मतदारसंघ सारख्या आकाराचे नसतात, त्यामुळे हा आकडा काटेकोर नाही. पण दिशा कळायला पुरेसा आहे.

आधी लोकसभा, मग विधानसभा २०२४:

- भाजप: सुमारे ४५ वरून ५२ टक्के
- शिंदेंची शिवसेना: सुमारे ४१ वरून ४४
- अजित पवारांची राष्ट्रवादी: सुमारे ४३ वरून ४४
- काँग्रेस: सुमारे ४८ वरून ३५
- शरद पवारांची राष्ट्रवादी: सुमारे ४९ वरून ३८
- ठाकरेंची शिवसेना: सुमारे ३८ वरून ३०

आता अजित पवारांच्या पक्षाची ओळ पुन्हा वाचा. लोकसभेला त्यांनी बारामती, शिरूर, रायगड आणि धाराशिव अशा चार जागा लढवल्या आणि एकच जिंकली. तेव्हा सगळीकडे ऐकू येत होतं की लोकांनी त्यांना नाकारलं. विधानसभेला ५९ लढवून ४१ जिंकल्या, तेव्हा ऐकू आलं की लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण लढवलेल्या जागांवरची सरासरी मतं होती ४३ आणि ४४ टक्के. जवळपास तीच.

मग बदललं काय? समोरचा. लोकसभेला आघाडीची मतं एकगठ्ठा राहिली आणि ४३ टक्के कमी पडले. विधानसभेला समोरची बाजू खाली आली आणि ४४ टक्के भरपूर झाले. जिंकण्यासाठी किती मतं लागतात हे तुमच्या हातात नसतं. ते दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार ठरवतो.

विधानसभेचा निकाल समजायला हीच गुरुकिल्ली आहे. महायुतीच्या तीन पक्षांची एकत्रित मतं पाच-साडेपाच टक्क्यांनी वाढली, आघाडीची सुमारे दहा टक्क्यांनी घटली. त्यामागे ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० रुपये होते, वाढलेलं मतदान होतं, अपक्ष आणि बंडखोर होते, छोट्या पक्षांची मतं होती. यातल्या एकाच कारणाला पूर्ण श्रेय देणारा माणूस आपला अंदाज विकतोय, एवढं लक्षात ठेवायला हवं.

स्ट्राइक रेट: सगळ्यात लाडका आणि सगळ्यात फसवा आकडा

क्रिकेटमधून आलेला हा शब्द आता राजकारणात इतका रुळलाय की नेते जागावाटपाच्या बैठकीत तोच पुढे करतात. लढवलेल्या जागांपैकी किती जिंकल्या, याचा टक्का.

लोकसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीने १० लढवून ८ जिंकल्या. स्ट्राइक रेट ८० टक्के. विधानसभेला ८६ लढवून १०. स्ट्राइक रेट १२ टक्क्यांच्या आत. जूनमध्ये हाच पक्ष राज्यातला सगळ्यात ‘कार्यक्षम’ होता आणि नोव्हेंबरमध्ये सहा मोठ्या पक्षांत सगळ्यात मागे. साडेपाच महिन्यांत एखाद्या पक्षाची खरी ताकद इतकी वर-खाली होत नाही. मोजपट्टी ताणली जाते.

स्ट्राइक रेटची अडचण साधी आहे. त्यात हरलेल्या जागेवरच्या मतांना शून्य किंमत आहे. २०० मतांनी हरलात काय किंवा अनामत जप्त झाली काय, हिशेबात दोन्ही सारखंच. शिवाय कमी जागा मागितल्या आणि त्याही निवडून घेतल्या, तर स्ट्राइक रेट आपोआप चांगला दिसतो. ज्याने मित्रासाठी अवघड जागा पत्करल्या, तो मात्र आकड्यात नापास.

तरीही हाच आकडा टेबलावर येतो, कारण तो बोलायला सोपा आणि दुसऱ्याला गप्प करायला सोयीचा. माझ्या मते जागावाटपाचा आधार म्हणून स्ट्राइक रेट वापरणं हे मागच्या पावसावर या वर्षीची पेरणी ठरवण्यासारखं आहे.

मग ही ताकद नेमकी कुणाची?

आता मी वर काढलेल्या सरासरीलाही प्रश्न विचारायला हवा. भाजपची ५२ टक्के सरासरी ही भाजपची ताकद आहे का?

पूर्णपणे नाही. ज्या १४९ जागांवर कमळ होतं, तिथे शिंदे आणि अजित पवारांच्या समर्थकांनीही कमळाचंच बटण दाबलं. तसंच धनुष्यबाण आणि घड्याळाच्या जागांवर भाजपच्या मतदाराने मित्राला मत दिलं. ठाणे आणि कल्याणमध्ये लोकसभेला मतदान यंत्रावर कमळ नव्हतंच, तिथल्या भाजप समर्थकांची मतं शिवसेनेच्या खात्यात जमा झाली. मुंबईत लोकसभेच्या सहापैकी फक्त दोन जागा काँग्रेसकडे होत्या. उरलेल्या चार मतदारसंघांत हाताला मत देणाऱ्या माणसासमोर हाताचा पर्यायच नव्हता. त्याचं मत ‘मशालीची ताकद’ म्हणून मोजलं गेलं.

महाराष्ट्रात चारही मोठे पक्ष विधानसभेला खरोखर स्वतंत्र लढले ते शेवटचं २०१४ मध्ये. तेव्हा दोन्ही जुन्या युती-आघाड्या ऐन वेळी तुटल्या. भाजप २७.८१, शिवसेना १९.३५, काँग्रेस १७.९५, राष्ट्रवादी १७.२४ टक्के. जागा १२२, ६३, ४२, ४१. त्या निकालात प्रत्येकाचा आकडा बऱ्याच अंशी त्याचा स्वतःचा होता. भाजपची लढवलेल्या जागांवरची सरासरी तेव्हा ३१ टक्क्यांच्या आसपास होती. आजच्या ५२ मधून ३१ वजा केले तर २१ टक्के उरतात. त्यातले किती भाजपने दहा वर्षांत कमावले आणि किती मित्रांनी दिले, हे उपलब्ध आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

त्यानंतर दोन पक्षांचे चार झाले, नावं आणि चिन्हं बदलली. म्हणजे आज जे सहा पक्ष एकमेकांना आपली ताकद सांगतात, त्यांच्यातल्या चौघांनी सध्याच्या रूपात एकट्याने राज्यभर विधानसभा लढवलेलीच नाही. त्यांची ताकद हा अजून न झालेल्या परीक्षेचा निकाल आहे.

कधीकधी मतदार हा हिशेब बैठकीतल्या नेत्यांपेक्षा चांगला करतो. सांगली लोकसभेची जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाच्या फरकाने जिंकले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. कागदावर ती शिवसेनेची जागा होती, गावागावात ती नव्हती.

पक्ष फुटला की मोजायचं काय?

ताकद मोजण्याचा प्रश्न महाराष्ट्रात एकदा थेट निवडणूक आयोगासमोरच गेला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. खरा पक्ष कोणता, हे ठरवताना आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विधिमंडळातल्या बहुमताचा निकष लावला. आदेशात असा हिशेब होता की २०१९ मध्ये निवडून आलेल्या शिवसेनेच्या ५५ आमदारांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मतं शिंदेंसोबतच्या ४० आमदारांची आहेत. नाव आणि धनुष्यबाण शिंदेंकडे गेले.

आता बघा, या हिशेबात फक्त विजयी उमेदवारांची मतं आहेत. ती होती ४८ लाखांच्या आसपास. २०१९ मध्ये शिवसेनेला एकूण मतं मिळाली होती ९० लाखांहून जास्त. हरलेल्या उमेदवारांना मत देणारे सुमारे ४० लाख शिवसैनिक आणि समर्थक या गणितात कुठेच नव्हते. सगळी मतं धरली तर त्या ७६ टक्क्यांचे सुमारे ४० टक्के होतात.

आयोगाचा निर्णय बरोबर की चूक, हा कायद्याचा मुद्दा आहे आणि त्यावर न्यायालयात लढाई झाली. माझा मुद्दा वेगळा आहे. कुणाला मोजायचं हे ठरलं की निकाल जवळपास ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या बाबतीतही विधिमंडळातलं बहुमतच निर्णायक ठरलं. दोन्ही वेळा आमदार मोजले गेले, मतदार नाही.

शेजारचा गोवा काय सांगतो?

गोव्यात हेच चित्र छोट्या फ्रेममध्ये दिसतं. विधानसभेच्या जागा ४०. २०१७ मध्ये भाजपला साडेबत्तीस टक्के मतं होती, काँग्रेसला सव्वाअठ्ठावीस टक्क्यांच्या जवळ. तरी काँग्रेसच्या जागा १७ आणि भाजपच्या १३. जास्त मतं असलेला पक्ष जागांमध्ये मागे होता. आणि सरकार मात्र त्याचंच आलं, कारण मनोहर पर्रीकरांनी छोटे पक्ष आणि अपक्ष जोडले.

२०२२ मध्ये भाजपची मतं एक टक्कासुद्धा वाढली नाहीत, ३३ टक्क्यांच्या थोडी वर राहिली. जागा १३ वरून २० झाल्या. कारण विरोधी मतं काँग्रेस, आप, तृणमूल, मगोप, गोवा फॉरवर्ड आणि रिव्होल्युशनरी गोवन्स यांच्यात वाटली गेली. रिव्होल्युशनरी गोवन्सला नऊ टक्क्यांहून जास्त मतं मिळून एक जागा, तृणमूलला पाच टक्क्यांहून जास्त मतं मिळून एकही नाही. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. मतदाराने दिलेली ताकद निकालानंतर सहा-सात महिनेही टिकली नाही.

याने तुम्हा-आम्हाला काय फरक पडतो?

फरक तीन ठिकाणी पडतो.

पहिला, विधानसभेत. महाराष्ट्रात विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाकडे किमान दहा टक्के, म्हणजे २९ जागा हव्यात, असा संकेत सांगितला जातो. २०२४ नंतर आघाडीतल्या कुणाकडेच त्या नव्हत्या. मार्च २०२५ मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेने भास्कर जाधव यांचं नाव अध्यक्षांकडे दिलं, पण पद रिकामंच राहिलं. राज्यात तीनपैकी एका मतदाराने ज्यांना मत दिलं, त्यांचा सभागृहात मान्यताप्राप्त नेता नाही. हे पद फक्त लाल दिव्याचं नसतं. राज्य मानवी हक्क आयोगाच्या नेमणुकांसाठीच्या समितीत विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. दिल्लीत २०१५ मध्ये ७० पैकी फक्त ३ आमदार असलेल्या भाजपला हे पद मिळालं होतं. म्हणजे जागा कमी असल्या तरी मार्ग निघू शकतो. माझ्या मते महाराष्ट्रातही तो निघायला हवा, मग सत्तेत कुणीही असो.

दुसरा, तिकीटवाटपात. एखाद्या तालुक्यात पंधरा वर्षं काम करणाऱ्या कार्यकर्त्याला ‘ही जागा मित्रपक्षाला सुटली’ असं ऐकावं लागतं, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा मागच्या निवडणुकीतला असाच एखादा उसना आकडा असतो. तो अपक्ष उभा राहतो, आपण त्याला बंडखोर म्हणतो, आणि पाच-दहा हजार मतांनी निकाल फिरतो.

तिसरा, महापालिका आणि जिल्हा परिषदांत. पक्षाची स्वतःची ताकद मोजण्याची सगळ्यात चांगली जागा हीच, कारण इथे पक्ष अनेकदा स्वतंत्र लढतात. मुंबईत २०१७ मध्ये शिवसेना आणि भाजप राज्यात एकत्र सत्तेत असूनही वेगळे लढले. निकाल होता शिवसेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१, राष्ट्रवादी ९, मनसे ७. कुणाचं किती हे त्या दिवशी स्वच्छ कळलं. पण मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. पुणे, नागपूर, नाशिकचीही तीच कथा. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोपर्यंत तीन वर्षं उलटून गेली होती. म्हणजे राज्याच्या राजकारणात सगळ्यात जास्त उलथापालथ झाली, नेमक्या त्याच काळात तपासणीचं यंत्र बंद होतं. वॉर्डातला नळ, गटार आणि रस्ता यांसाठी नगरसेवक नव्हता, हे नुकसान तर वेगळंच.

पुढच्या वेळी चर्चा ऐकताना एवढं विचारा

लोकसभा आणि विधानसभेचं पुढचं नियमित वेळापत्रक २०२९ चं आहे. तोवर पोटनिवडणुका होतील, सर्व्हे येतील, ‘आज निवडणूक झाली तर’ असे ग्राफिक्स फिरतील. त्यातला कुठलाही आकडा फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न विचारून बघा.

१. पक्षाने एकूण किती जागांपैकी किती लढवल्या? हे न सांगता दिलेला मतांचा टक्का अर्धवट आहे.

२. लढवलेल्या जागांवर सरासरी किती मतं पडली? वरचं गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांत होतं.

३. कुणासोबत लढले? मित्र बदलला की जुना आकडा बाद.

४. समोर एक उमेदवार होता की चार? जिंकण्याची रेषा तिथे ठरते.

५. मतदान किती झालं? टक्का तोच असला तरी माणसं वाढलेली असू शकतात.

या पाचपैकी तीन प्रश्नांची उत्तरं नसतील, तर समोरचा माणूस विश्लेषण करत नाहीये, प्रचार करतोय.

आणि राजकीय पक्षांसाठी एकच मागणी. जागावाटपाच्या टेबलावर जाण्याआधी आपली खरी ताकद महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांत एकट्याने लढून दाखवा. हरलात तरी चालेल, निदान आपले मतदार किती आणि कुठे आहेत ते कळेल. आज प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या मतांवर आपली उंची मोजतोय. या सवयीची किंमत पक्षांना एखाद्या निवडणुकीत मोजावी लागते. मतदाराला ती पाच वर्षं मोजावी लागते, कारण ज्या पक्षाला तो आपला मानतो, त्याचं चिन्हच त्याच्या मतदारसंघात नसतं.